समोरच्या खोलीचा ताबा

६ फेब्रुवारी

भाऊसाहेब,

दोन वर्षांनी तुझं अक्षर दिसलं, तेही वकिलाच्या पाकिटात. आत संमतीपत्र, सह्यांच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या, आणि कोपऱ्यात तुझी एक ओळ: 'ताई, आता हट्ट पुरे, सही कर.' खुशाली विचारायला जागा उरली नव्हती वाटतं. पान तर अर्धं कोरं होतं.

उत्तर देते. सही करणार नाही. बाबांचं काचेचं दुकान दोघांच्या नावावर आहे. गल्ली पाडून टॉवर बांधायला निघालेल्या कंपनीचं तुझ्या एकट्याच्या सहीने भागत नाही, आणि माझी त्यांना मिळायची नाही. फुल्या मी खोडरबराने पुसल्या. कागद चांगला जाड आहे. काचा एकमेकींना घासू नयेत म्हणून मध्ये घालायला उपयोगी पडला.

तिकडे परक्या शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे, म्हणून इथलं सांगते. गल्लीतली निम्मी बिऱ्हाडं गेली. खोली रिकामी झाली की कंपनीची माणसं दुसऱ्याच दिवशी दारं उचकटून नेतात आणि नळाच्या तोट्या काढून ठेवतात. पाणी जिन्यावरून वाहत राहतं. जिन्यातले दिवे फोडतात. अंधार केला की चोरांना वेगळं आमंत्रण लागत नाही. दोन महिन्यांत चार घरफोड्या झाल्या. आपल्या शेजारच्या गाळ्यातून शिंपीणमावशींनी गिऱ्हाइकांचे शिवून ठेवलेले कपडे गेले, त्यात डॉक्टरीणबाईंचा कोटही. "चोर अंगाने डॉक्टरीणबाईंएवढा असेल तर कोट त्याला झकास बसेल," म्हणाल्या. हसल्या, आणि मग तिथेच शिवणयंत्रावर डोकं टेकून रडल्या.

कंपनीचा एक माणूस रोज फिरतो. घरात आला तरी काळा चष्मा काढत नाही, म्हणून त्याचं नाव गॉगलवाला. जिभेवर साखर. "ताई, वस्ती धोक्याची झालीय हो, तुमच्या काळजीपोटी सांगतो." धोका आणला कोणी, असं विचारलं की त्याला नेमका फोन येतो.

आणि काचा. डिसेंबरपासून गल्लीत तावदानं फुटतायत. भरदिवसा. तीही नेमकी सही न करणाऱ्यांचीच. दगडांना लिहितावाचता येत असावं. फुटलं की मी जाऊन माप घेते, त्याच दिवशी काच कापते आणि संध्याकाळच्या आत बसवते. एकदा पुट्टी ओली असतानाच परत फुटली. परत बसवली. त्यांना हात आहेत तसे मलाही आहेत.

दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर बाइंडरकाका अजून टिकून आहेत. बाबांचे मित्र. तुझ्या शाळेच्या प्रत्येक पुस्तकाला ह्या माणसाने कापडी पुठ्ठा घालून दिला होता, विसरला असशील तर आठव. ऐंशीला टेकलेत, पण खिडकीपाशी बसून अजून वाचनालयांची पुस्तकं शिवतात. गॉगलवाल्याने सही मागितली तर म्हणाले, "शेवटची सही मी लग्नाच्या नोंदणीला केली. तिचंच अजून निस्तरतोय." काकू आतून ओरडल्या, "मी मेले नाहीये अजून!"

मी कंपनीच्या माणसाला दुकानाची पायरी चढू दिलेली नाही. समोरच्या इमारतीतल्या तुझ्या खोलीचं विचारशील, तर मी तिकडे बघतही नाही. भांडून कुलूप लावून गेलास. तुझं कुलूप तुला लखलाभ.

ताई


३ मार्च

हे पत्र रजिस्टरने पाठवतेय, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायची सोय राहणार नाही.

बाइंडरकाकांचा उजवा डोळा गेला.

परवा दुपारी साडेचारला. मी खाली आरशाची कड घासत होते. घासणीचं चाक चालू असलं की काही ऐकू येत नाही, पण काच फुटल्याचा आवाज माझ्या कानाला कुठूनही येतो. चाक बंद करायचं भान राहिलं नाही, तशीच वर धावले. काका खुर्चीत ताठ बसले होते. एका हातात सुई, दुसरा हात डोळ्यावर, बोटांमधून रक्त. मला बघून काय म्हणाले असतील? "आधी पुस्तक उचल. लोकांचं आहे, डाग पडेल." मी पुस्तक उचललं. बाजूला ठेवलं. मगच त्यांनी मला हात लावू दिला.

डॉक्टर म्हणाले, काचेचा कण खोल गेला होता. डावा शाबूत आहे, हे नशीब.

फौजदार आला, पाच मिनिटांत निकाल लावून मोकळा झाला. खिडकीच्या कट्ट्यावर काकांची पुठ्ठे ठोकायची हातोडी पडली होती. "खिडकी अडकली, म्हाताऱ्याने हातोडी घातली, काच डोळ्यात गेली. अपघात." मी म्हटलं, "साहेब, खालचं तावदान फुटलंय ते तुम्ही पाहिलंत. वरचं पाहिलंत का?"

"बाई, काच विकता ती विका. वाचायला कधीपासून लागलात?"

"बेचाळीस वर्षांची आहे. त्यातली तीस काचेतच गेली," म्हटलं, पण तोवर तो जिना उतरायला लागला होता.

वरचं तावदान शाबूत आहे, पण त्याला एक भोक आहे. बाहेरून वाटाण्याएवढं, आतून कोटाच्या बटणाएवढं. बाबांनी आपल्या दोघांनाही एकाच दिवशी शिकवलं होतं: ज्या बाजूने मार बसतो त्या बाजूला भोक लहान, पलीकडे पसरट. म्हणजे मार बाहेरून आला. हातोडी आत होती. शाळेतल्या पोराला कळेल, पण फौजदाराला कळून घ्यायचं नाही.

मग मी काकांची खोली धुंडाळली. भिंतीशी पुठ्ठ्यांची चळत आहे. वरून आठव्या पुठ्ठ्यात एक पोलादी गोळी रुतलेली सापडली. बेअरिंगमधली. बेचकीतून मारलेली. पहिली गोळी वरच्या काचेतून आरपार गेली, नेम चुकला. दुसरी खालच्या काचेवर बसली. गंमत म्हणून कोणी दोनदा नेम धरत नाही.

शिंपीणमावशी सध्या माझ्याशी बोलत नाहीत. कारण कधीतरी सांगेन. पण त्यांनी दोऱ्याचं रीळ आणून माझ्या हातात ठेवलं. मी गोळी होती तिथून दोरा काढला, भोकातून बाहेर ओवला, ताणून धरला आणि त्याच्या रेषेत डोळा लावला. तीनदा. काकू बाजूला उभ्या होत्या, त्यांनाही दाखवलं. दोरा समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जातो. जिन्यापासून तिसरी खिडकी.

ती खिडकी कुणाची, ते तुला सांगायला नको.

तू तिथे नव्हतास हे मला ठाऊक आहे. लहानपणी बेचकी हातात घेतलीस तर गोळी तुझ्याच पायावर पडायची. पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं आपल्या घराने आपल्याच माणसाचा डोळा काढला. किल्ली कुणाला दिलीस? एवढंच लिही. दुसरं काही नको.

ताई


२२ मार्च

पोचपावती आली, तुझ्या सहीची. उत्तर नाही आलं. सही करायला तुला कधीच अडचण नसते, एवढं कळलं.

तू गप्प बसला आहेस तर मीच बोलते. माझ्याकडूनही काही सांगायचं राहिलं होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की कंपनीला पायरी चढू दिली नाही. थाप होती. कोपऱ्यावरच्या बंद औषधाच्या दुकानात त्यांनी ऑफिस थाटलंय, त्याची दर्शनी काच मी कापली आणि मीच बसवली. गॉगलवाला म्हणाला होता, "पुढे टॉवर झाला की सगळ्या मजल्यांचं काम तुमच्याकडेच." मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. एवढी मोठी, एकसंध काच कितीतरी वर्षांनी हाताखाली आली होती. कापताना हात सुखावला, हे खरं आहे आणि त्याची लाज वाटते, हेही खरं आहे. मावशींनी मला तिथे शिडीवर पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून अबोला. गल्लीत कुजबूज सुरू झाली की फोडणारे आणि बसवणारी एकाच ताटात जेवतात. माझ्या शटरवर कोणीतरी खडूने 'फुटकी' लिहून गेलं. मी ते तसंच राहू दिलं.

ते काकांचं झाल्यावर मी मावशींकडे गेले. म्हटलं, "शिव्या द्या, पण बोला."

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "शिव्या देऊन काय होणार? उद्या कोर्टात उभी राहशील का, ते सांग."

"राहीन."

"मग बस. चहा टाकते."

ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी.

मी लिहिलं होतं की तुझ्या खोलीकडे बघत नाही. मी रोज बघत होते. पहिलं पत्र टाकून दोन दिवस झाले आणि तुझ्या खिडकीत पडदा हलला. मग दोन दिवसांनी एक कोपर दिसलं, बाही दुमडलेलं. मला वाटलं, तू आलास. तीन दिवस दूध जास्त घेतलं. चौथ्या दिवशी चिडले. आलाय आणि आधी माझ्याकडे आला नाही? मग बसू दे तिथेच. मी जिना चढणार नाही, तो येईल तेव्हा येईल. अशी दोन आठवडे अडून बसले. रस्ता ओलांडायचा आणि दोन जिने चढायचे, एवढंच होतं. चढले असते तर दार कोण उघडतंय ते दिसलं असतं आणि काकांना दोन्ही डोळे असते.

तेव्हा तुझ्या एकट्याच्या नावाने बोटं मोडणार नाही. अर्धं माझ्या पदरात आहे.

आणि तू भांडून गेलास असं मी सगळ्यांना सांगते, तेही अर्धंच. चार गिऱ्हाइकांदेखत मी तुझ्या कानाखाली वाजवली होती. बाबांना जाऊन महिना झाला नव्हता आणि तू दुकान विकायचं म्हणालास. माझं म्हणणं अजूनही तेच आहे. हात उगारायला नको होता.

आता महत्त्वाचं. काल गॉगलवाला आला. ह्या वेळी खरंच पायरी चढू दिली नाही. तो रस्त्यावर, मी उंबऱ्यात.

म्हणाला, "ताई, दोऱ्याची गोष्ट ऐकली. हुशार आहात. पण ती खोली कागदोपत्री तुमच्या भावाची आहे. तुम्ही साक्ष दिलीत तर पोलीस कुणाच्या दारात जातील?"

"तुम्हीच सांगा."

"मी कशाला सांगू? तुमचं रक्त आहे, तुम्ही ठरवा. आणि सहीचं तेवढं बघा, म्हणजे सगळंच मिटेल."

मी म्हटलं, "चष्मा काढा."

"का?"

"माणूस खोटं बोलताना डोळे कुठे बघतात ते मला बघायचंय."

काढला नाही. गेला.

आम्ही एक वकीलबाई केल्यात. त्यांनीही तेच सांगितलं, पण सरळ. "तुमच्या दोऱ्याने खोली सिद्ध होते, माणूस सिद्ध होत नाही. भावाने ताबा कुणाला दिला त्याचा कागद नसेल, तर बोट भावाकडेच जाईल. नीट विचार करा." मी विचार केला. काकांच्या तक्रारीची सुनावणी नऊ एप्रिलला, सकाळी अकराला. त्या दिवशी मी उभी राहणार, गोळी दाखवणार, भोक समजावून सांगणार आणि खिडकी कुणाची असं विचारलं की तुझं नाव घेणार. कंपनीच्या वकिलाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र.

मी मूग गिळून बसले तर तू वाचशील. पण मग पुढची गोळी मावशींना लागेल, नाहीतर काकूंना, आणि तेव्हाही मला तुझीच काळजी वाटत असेल. असली काळजी मला करायची नाही.

कागद असेल तर घेऊन ये. नसेल तरी ये.

ताई


१० एप्रिल

धाकट्या,

तू मागच्या दाराने आलास तेव्हा माझी साक्ष संपत आली होती, आणि तुझी संपल्यावर मी वळून पाहीपर्यंत तू निघून गेला होतास. तेव्हा आधीचं आणि नंतरचं सांगणं भाग आहे.

मी वरचं तावदान चौकटीसकट काढून कोर्टात नेलं होतं. चादरीत गुंडाळून, मावशी एका बाजूला, मी दुसऱ्या. शिपाई म्हणाला, "हे आत नेता येणार नाही." मावशी म्हणाल्या, "बाबा रे, माणसं आत येऊन खोटं बोलतात त्यांना अडवत नाहीस, काच तर खरं बोलणार आहे." त्याने दार धरून उभं राहून आम्हाला आत घेतलं.

न्यायाधीशबाईंनी स्वतः बोट फिरवून भोक पाहिलं. बाहेरून, मग आतून. मला म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांगा, सावकाश." मी सांगितलं. फौजदार छताकडे बघत होता.

मग कंपनीचा वकील उठला. "ही खिडकी कुणाची?"

"माझ्या भावाची."

"सख्ख्या?"

"सख्ख्या. धाकट्या."

"म्हणजे सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष देताय?"

मी म्हटलं, "भावाच्या खिडकीतून गोळी आली एवढं मी सांगितलं. मारली कोणी ते शोधायचं काम फौजदारांचं. त्यांना सवड मिळाली नाही, म्हणून काच इथवर मला उचलून आणावी लागली."

कोणीतरी मागून हसलं. वकील म्हणाला, "भाऊ हजर का नाही? घाबरला असेल." आणि तेवढ्यात मागचं दार वाजलं.

त्यानंतरचं तुला माहीत आहे. माझ्याकडे एकदाही न बघता तू पुढे गेलास आणि घडी घातलेली ताबापावती टेबलावर ठेवलीस. तारीख वीस जानेवारी, खोलीचा ताबा आणि किल्ली मिळाली म्हणून कंपनीचा शिक्का, खाली गॉगलवाल्याची सही. "पैसे घेतले, किल्ली दिली, पुढे काय करणार ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं," हे तू म्हणालास तेव्हा आवाज फाटला होता तुझा. काका एका डोळ्याने तुझ्याकडे बघत होते. तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस, म्हणून सांगते, ते रागावलेले नव्हते.

नंतरचं असं. कंपनीचा वकील म्हणाला की तो माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा आहे. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "आणि शिक्का? तोही ठेकेदाराचा?" फेरतपासाचा हुकूम निघाला, दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. निकाल लागेपर्यंत दोन्ही इमारतींच्या विटेला हात लावायचा नाही. संध्याकाळी गॉगलवाल्याला गाडीत घालून नेलं. चष्मा काढायला लावला होता. डोळे अगदी साधे निघाले, कुठल्याही कारकुनाचे असतात तसे. मला उगाच वाटत होतं की काहीतरी भयंकर दिसेल.

तू चहालाही थांबला नाहीस. पाच वाजता सुटणारी बस असते, बहुधा तीच धरलीस. मी स्टँडवर आले होते. पावणेसहाला.

ताई


५ मे

धाकट्या,

तुझं पत्र नाही, ठीक आहे. मला कळवायचं आहे ते कळवते.

हुकूम झाला म्हणून कंपनी गेलेली नाही. आता एक मुलगी येते. छान बोलते, डोळ्याला डोळा देऊन बोलते, आणि हातात तेच संमतीपत्र, फक्त कागद आणखी गुळगुळीत. मी तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि सांगितलं की सह्या करणारा माझा भाऊ परगावी असतो आणि तोही आता सुधारलाय. मावशींनी तर तिच्या कुडत्याची उसवलेली शिवण धरून दिली आणि मग नाही म्हणाल्या. काका रोज दोन तास बसतात. एका डोळ्याने टाका तिरका पडतो, मग उसवून परत घालतात. काकू सुई ओवून देतात आणि ओवताना नोंदणीच्या सहीवरून टोमणे मारून घेतात.

आता तुझ्या खोलीचं. पोलिसांनी पंचनामा करून सील काढलं आणि ताबा तुझ्याकडे परत, असं लिहून दिलं. किल्ली घ्यायला तू नव्हतास, मी सही करून घेतली. हो, केली एक सही.

शनिवारी मी ती खोली झाडली. भिंतीशी सिगारेटची थोटकं आणि बेअरिंगच्या गोळ्यांचा अर्धा डबा होता, तो आधीच जप्त झालाय. फरशी तीनदा पुसली. मावशींच्या गाळ्यामागची भिंत कंपनीने हुकमाआधी शेजारची खोली पाडली तेव्हाच तडकली होती, त्यांना आता तिथे राहता येत नाही. तेव्हा काल आम्ही त्यांचं शिवणयंत्र, कपाट आणि पलंग तुझ्या खोलीत चढवला. जिन्यात आता दिवा आहे, आम्ही लावला. त्यांनी दुपारपासून खिडकीपाशी बसून डॉक्टरीणबाईंचा नवा कोट शिवायला घेतलाय. समोरून काका त्यांना ओरडून विचारतात, "दिसतंय का नीट?" आणि त्या म्हणतात, "तुमच्यापेक्षा बरं!"

तुला विचारलं नाही. विचारणारही नाही. भाडं मिळणार नाही, कागद होणार नाही, आणि मावशी हलणार नाहीत.

हरकत असेल तर वकिलाच्या पाकिटातून कळवू नकोस. ये आणि माझ्या तोंडावर सांग.

तुझी ताई